मामाजींचे रबरी मासे आणि माझा इलाज

मी आयुष्यात एकूण पाच मासे मारले, आणि त्यांतला एकही पाण्यात नव्हता.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तेव्हा मी नागपूरपलीकडे, संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. (हे आधीच सांगून टाकतो. नंतर कळलं तर तुम्हाला त्या मुलांची जास्त काळजी वाटेल.) घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको सुनंदा. तिचे वडील, म्हणजे आमचे मामाजी, पांढुर्ण्याला राहायचे. रेल्वेत सिग्नलच्या कामावर उभा जन्म काढून निवृत्त झालेले. सहा फूट उंची, पांढऱ्या झुबकेदार मिशा आणि बोलणं सिग्नलच्या दांड्याइतकंच, म्हणजे एक तर वर नाही तर खाली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात त्यांनी माझ्याशी तीन शब्द वापरले होते. मी गेलो की "आले?", ताटावर बसलो की "घ्या", आणि निघालो की "चालले?" यातले दोन प्रश्न होते, आणि दोन्हींची उत्तरं त्यांना समोर दिसत होती!

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. सुनंदाचा मोठा भाऊ दिलीप मालवाहू बोटीवर नोकरीला. आई गेल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली तेव्हा तो कुठल्याशा समुद्राच्या मधोमध होता. त्याला येता आलं नाही. पुढे सुट्टी मिळाली तरी तो आला नाही, आता कोणत्या तोंडानं येऊ म्हणाला. त्याऐवजी त्यानं वडिलांना एक पार्सल पाठवलं. त्यात सहा मासे होते. रबरासारख्या मऊ प्लास्टिकचे, हिरवेगार, बोटाएवढे. गळाला लावून पाण्यातून ओढले की त्यांची शेपटी अशी वळवळायची, की खऱ्या माशाच्याही तोंडाला पाणी सुटावं. (ते आधीच पाण्यात असतात, तो भाग वेगळा.)

मामाजींनी पत्राचं उत्तर पाठवलं नाही. पण दर रविवारी ते मासे घेऊन ते जाम नदीच्या डोहावर जायला लागले. बाकीचे लोक गळाला गांडूळ लावायचे आणि यांच्या रबराला हसायचे. मग मामाजींच्या गळाला हातभर मरळ लागायची आणि हसणं बंद व्हायचं.

त्या वर्षी मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नागपूरला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सुनंदा त्यांना हट्टानं सौंसरला घेऊन आली. "महिनाभर इथंच राहाचं. तिथं एकटे राहून चूल फुकसान अन् डोळा घालवसान." दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, मी घरीच होतो. मामाजी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ओसरीत उन्हाला बसायचे, हातानं चाचपत संत्री सोलायचे आणि गप्प राहायचे. मी त्यांच्या समोर बसून गप्प राहायचो. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी आवाज आला, "जवाईबापू!"

मी मागे वळून पाहिलं. मागे दुसरा कुणी जावई नव्हता.

"जी, मामाजी?"

"तुमी विज्ञानाचे मास्तर हाय नं?"

"हो."

"मंग हे जोडता येईन काय?"

त्यांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. आत ते सहा मासे. मरळींनी चावून चावून त्यांची पार दशा केलेली. दोघांच्या शेपट्या लोंबत होत्या, एकाचं पोट फाटलं होतं, एकाचं डोकं उभं चिरलं होतं, उरलेल्या दोघांना किरकोळ जखमा.

"डोळा बरा झाला का नदीवर जाईन म्हनतो. तवरोक करून ठेवा."

माझा ऊर भरून आला. पाच वर्षांत एवढी वाक्यं! मी म्हणालो, "हे तर एकदम सोपं आहे, मामाजी."

हे वाक्य ऐकताच सुनंदा हातातलं पीठ न धुता बाहेर आली. त्याला कारण होतं. याच वाक्यानंतर आमचा रेडिओ कायमचा मुका झाला होता, आणि याच वाक्यानंतर न्हाणीघराचा नळ स्वयंपाकघरात वाहायला लागला होता.

"तुमी हात नका लावू," ती मला आत ओढून म्हणाली.

"अगं, त्यांनी मला सांगितलंय. मला! आपणहून!"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा पीठ मळायला गेली. नवऱ्यावर माया असणं वाईट नाही, पण वेळ पाहून करावी.

सुरुवात मी फाटक्या पोटाच्या माशापासून केली. तो घेऊन बब्बूभाई सायकलवाल्याच्या दुकानात गेलो. रबर जोडण्यात त्याच्याएवढा हात सबंध सौंसरमध्ये कुणाचा नव्हता. त्यानं मासा उलटासुलटा करून पाहिला.

"मास्टरजी, हे कोन्त्या गाडीची ट्यूब हाय?"

"ट्यूब नाही रे, मासा आहे."

"मासा पंचर झाला?"

"तसंच समज."

"अपने पास ऐसा केस पह्यल्यांदा आला!" असं म्हणून त्यानं माशाचं पोट कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि छोटासा पॅच ठोकून बसवला. मग सवयीनं मासा पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे निघतात का ते पाहिलं. "हवा बराबर हाय," तो म्हणाला.

मी तो खिशात टाकून ऐटीत घरी आलो. पण ते सोल्युशन त्या प्लास्टिकवर वाळेचना! उलट मासाच पाघळला. घरी येऊन खिशात हात घातला तर पॅच एकीकडे, मासा रुमालाला आणि रुमाल खिशाला. तो मासा पुढे त्या सदऱ्यासोबतच गेला.

ओसरीतून आवाज आला, "झालं काय, जवाईबापू?"

"होतच आलं, मामाजी! पहिला पेशंट विश्रांती घेतो आहे."

"बरं."

त्यानंतर मी रोज तीन-चारदा ओसरीत जाऊन त्यांना कामाची खबर द्यायला लागलो. आता उरलेल्या पाचांची नीट निगा राखायची, असं मी ठरवलं. मामाजींचा तो पत्र्याचा डबा आतून गंजलेला होता, आणि गंज वाईट, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो. म्हणून सुनंदानं नागपूरहून आणलेली नवी कोरी गुलाबी साबणदाणी घेतली. टणक, चकचकीत, झाकण लागलं की टक् वाजणारी. चार मासे तिच्यात ओळीनं निजवले. पाचवा मावला नाही म्हणून फळीवर ठेवला. (त्याचं नशीब.)

दुसऱ्या दिवशी झाकण उघडायला गेलो तर झाकण उघडेना. जोर लावला तेव्हा चारही मासे झाकणासकट, आणि तळ माशांसकट वर आला! एका रात्रीत साबणदाणी खालून लोण्यासारखी मऊ झाली होती आणि मासे तिच्यात रुतून बसले होते. काही प्लास्टिकं एकमेकांना खातात, हे मला ठाऊक नव्हतं. आठवीच्या पुस्तकात नव्हतं आणि माझी मजल आठवीच्या पलीकडे गेली नव्हती.

इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. मी विचार केला, वितळलंच आहे तर पूर्ण वितळवू! सगळं पातळ करायचं, साच्यात ओतायचं, की नवे कोरे चार मासे तयार. साच्यासाठी मी शेतातली काळी माती आणली, चांगली मळली, फळीवरचा पाचवा मासा तिच्यात दाबून त्याचे सुबक ठसे घेतले आणि माती उन्हात ठेवली. काळी माती वाळली की भेगाळते, हे आमच्याकडे कापूस पेरणाऱ्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. मी कुणाला उठवलं नाही.

सुनंदा बाजाराला गेल्याचं पाहून मी स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवला. दुधाचा गंज (म्हणजे दूध तापवायचं पातेलं, डब्यातला गंज नव्हे) वर ठेवला आणि त्यात साबणदाणी माशांसकट टाकली. पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. तिसऱ्या मिनिटाला एक बारीक धूर निघाला. चौथ्या मिनिटाला मला माझा हात दिसेना.

"काय जळून राहिलं?" ओसरीतून मामाजी.

"पापड, मामाजी!" मी खोकत म्हणालो.

"किती पापड?"

"एकच!"

ओसरीतून दोनदा हुंगण्याचा आवाज आला. मग, "लय मोठा दिसते."

तेवढ्यात शेजारच्या यमुनाबाई ओरडल्या, "आग लागली वो बाप्पा, आग!" आणि मी नाही नाही म्हणेपर्यंत त्या भरली बादली घेऊन आत घुसल्या आणि जिथून धूर येत होता त्या दिशेनं त्यांनी ती रिकामी केली. अर्धं पाणी स्टोव्हवर, अर्धं माझ्यावर! गंज चर्र करून उडाला, कोपऱ्यात जाऊन पडला आणि आतला ऐवज जमिनीवर पसरून तिथंच घट्ट झाला. हिरवा, गुलाबी, मधेच काळा. तव्याएवढा.

यमुनाबाईंनी तो पायाच्या अंगठ्यानं ढोसून पाहिला.

"हे काय करून राहिले, मास्तर?"

"प्रयोग."

"खायाचा हाय काय?"

"नाही."

"मंग दुधाच्या गंजात काऊन?"

मी ओला सदरा पिळायला घेतला.

सुनंदा आली तेव्हा मी त्या हिरव्या-गुलाबी थाळीशेजारी ओलाचिंब उभा होतो. तिनं गंजाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी कान आणि मान दोन्ही खाली घालून तयार झालो. पण ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "याच्यात बाबाचे मासे हायेत काय?"

मी मान हलवली.

ती पाटावर बसली. "आई गेल्यावर दादानं पाठवले होते ते. बाबानं त्याले दोन वरसात एक पत्र नाई लिवलं. मले वाटे, त्याच्यावर राग धरून बसले. पन दर ऐतवारी तेच मासे घेऊन नदीवर जातेत, फाटले तं जोडतेत, पुन्हा जातेत. मी काय म्हनून राहिली, समजते काय तुमाले?"

समजलं. इतका वेळ मला वाटत होतं मी प्लास्टिक बिघडवतो आहे.

सरळ मनाच्या माणसानं त्याच पावली ओसरीत जाऊन पाय धरले असते. मी सायकल काढून बब्बूभाईकडे गेलो.

"बब्बूभाई, जुन्या ट्यूबमधून पाच मासे कापून दे."

त्यानं काही विचारलं नाही. एव्हाना त्याला माझी सवय झाली होती. त्यानं कात्रीनं पाच मासे कापले, शेपट्या मोठ्या हौसेनं काढल्या, एकाला तर डोळाही पाडला. मी ते मामाजींच्या गंजक्या डब्यात घातले, त्यांच्यावर तो खरा उरलेला सहावा ठेवला आणि डबा नेऊन मामाजींच्या हातात दिला. मामाजींच्या एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. त्यांना काय कळणार!

त्यांनी एकेक मासा बोटांनी चाचपला.

"वजन वाढलं."

"जोडलं की वाढतं, मामाजी. सांध्यामुळे."

"रंग?"

"तोच! हिरवागार."

"हं." त्यांचा अंगठा एका माशाच्या पोटावर थांबला. ट्यूबवर उठावाचे आकडे असतात, ते मी विसरलो होतो. "याच्यावर अठ्ठावीस लिवलं हाय."

"तो... तो त्याचा नंबर आहे. इंचांचा."

"मासा तं बोटाएवढा हाय."

"पूर्ण वाढ झाल्यावर, मामाजी."

"बरं," ते म्हणाले आणि डबा बंद केला.

असे दोन दिवस गेले. ते ओसरीत डबा मांडीवर घेऊन बसायचे, आणि मला तो डबा दिसला की मी मागच्या दारानं बाहेर पडायचो. माणसाचं एवढं एक जपून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या जागी मी त्याला सायकलची ट्यूब देऊन आलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या समोर जाऊन बसलो.

"मामाजी, मला काही सांगायचं आहे."

आणि सगळं सांगितलं. बब्बूभाई, खिसा, साबणदाणी, काळी माती, पापड, यमुनाबाईंची बादली, अठ्ठावीस इंच. मान खाली घालून सांगत होतो. सांगून झालं. मग कसलासा दबका आवाज आला. मी चोरून पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते. एवढा भारदस्त माणूस, आणि मी त्याला रडवलं!

मान वर केली. मामाजी हसत होते! मिशा थरथरत होत्या, एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं डोळ्याची पट्टी धरून ठेवलेली. आवाज ऐकून सुनंदा आतून धावत आली. "बाबा, डोळ्यावर जोर येईन! डॉक्टरनं सांगतलं हाय, हसू..." आणि ती मधेच थांबली. दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. आई गेल्यापासून तिनं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"जवाईबापू," मामाजींना जरा श्वास सापडला, "पट्टी एकाच डोळ्याले हाय. दुसऱ्यानं धुंदलं दिसते, पन इतकं बी धुंदलं नाई का काळा कोनता अन् हिरवा कोनता ते समजू नये."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून..."

"तुमी साबनदानीले ओढून राहिले होते, ते बी पाह्यलं. मोठी कसरत व्हती."

"मग मला थांबवलं का नाही?"

त्यांनी एक संत्रं घेतलं आणि सोलायला लागले. मग म्हणाले, "तुमी रोज चारदा येऊन सांगत व्हते, मामाजी असं होऊन राहिलं, मामाजी तसं होऊन राहिलं. पाच वरसात पह्यल्यांदा तुमी माह्याशी बोलून राहिले व्हते. म्हनलं, चालू द्या."

"मी? मामाजी, मला वाटायचं तुम्हीच बोलत नाही!"

"मले वाटे, शिकेल मानूस. मास्तर. आपल्याशी काय बोलन? म्हनून तं काम देलं. जोडाले तं मले येते."

त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. आम्ही दोघांनी ते खाल्लं. इतकं गोड संत्रं मी सौंसरमध्येसुद्धा पुन्हा खाल्लं नाही.

मग त्यांनी सुनंदाला मेणबत्ती आणि दाभण आणायला सांगितलं. डब्यातला तो शेवटचा खरा मासा काढला. त्याची शेपटी एका धाग्यावर लोंबत होती. "मले बारीक दिसत नाई. हात तुमचा, सांगतो मी." दाभण ज्योतीवर तापवायचं. शेपटीच्या फाटलेल्या कडेला नुसतं टेकवायचं, माशाच्या कडेला टेकवायचं, दोन्ही कडा चमकल्या की एकमेकांवर दाबून धरायच्या. "दहापरेंत मोजा. आता सोडा." सोडलं. शेपटी जागेवर! ओढून पाहिली, तुटली नाही. धूर म्हणाल तर उदबत्तीएवढा. ज्या कामापायी मी एक सदरा, एक साबणदाणी, एक गंज आणि पाच मासे घालवले, ते एक संत्रं सोलण्याआधी झालं होतं.

"पण बाकीचे पाच गेले, मामाजी. दिलीपदादांनी पाठवलेले."

"एक हाय नं? गळाले एका टायमाले एकच तं लागते." त्यांनी मासा डब्यात ठेवला. "त्याले लिहू आपन. सगळं लिहू. हसन थो."

त्या पत्रानं पुढच्या पावसाळ्यानंतर दिलीप घरी आला. बापलेक आधी एकमेकांकडे बघेनात, आणि मग त्यांनी मला मध्ये बसवून साबणदाणीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली, आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं, ते मी मोजलं नाही. पुढे मामाजी होते तोवर दर सुट्टीत मी पांढुर्ण्याला जायचो, आणि आमच्या गप्पांना सुनंदा कंटाळून झोपून जायची. एवढं मोठं देणं मला माझ्या अकलेनं कधीच मिळालं नसतं. ते माझ्या मूर्खपणानं मिळालं, म्हणून मी त्याचा आजही ऋणी आहे.

पण ते पत्र लिहिलं गेलं तो दिवस मला सगळ्यात लख्ख आठवतो. मामाजींना डोळ्यामुळे लिहिता येत नव्हतं. ते सांगत होते, मी लिहीत होतो, सुनंदा माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"लिवा. चिरंजीव दिलीपले जयभीम. माहा डोळा बरा हाय. तुह्या माशांयपैकी पाच जवाईबापूनं मारले. एक हाय. तुह्या आईले जाऊन दोन वरसं झाले, तुह्यावर माहा राग कधीच नव्हता, लिवाचं जमलं नाई. तू ये. मासे नाई आनले तरी चालते, तू ये."

लिहिताना माझी शाई दोनदा फुटली. सुनंदानं पदर डोळ्याला लावला. मी सही कुठं करायची ते दाखवायला कागद पुढे केला.

"थांबा," मामाजी म्हणाले. "अजून एक ओळ हाय. लिवा. जवाई सोन्यासारखा हाय, पन हुशार नाई."

माझा पेन थांबला.

"लिवलं?"

"मामाजी, हे अगदी..."

"लिवा."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या पेनानं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, तेही मोठ्यानं वाचून दाखवलं.

मागून सुनंदा म्हणाली, "'नाई'च्या खाली रेघ मारा."

मी मारली. फूटपट्टी लावून, अगदी सरळ. ती शेपटी सोडली तर त्या सबंध महिन्यात तेवढं एकच काम माझ्या हातून पहिल्या झटक्यात बरोबर झालं!